चित्रांच्या कारखान्यातील फेरी

आपल्या शाळांच्या सहली साखर कारखाना पाहायला जातात. उसाची मोळी गव्हाणीत कशी पडते, रस कोठे आटतो आणि शेवटी पोत्यात साखर कशी उतरते, हे मुले डोळे मोठे करून बघतात. तेथे बघण्यासारखे पुष्कळ असते. चाके फिरतात, वाफ निघते, माणसे ओरडून बोलतात. पण समजा, एखादा कारखाना असा आहे की तेथे माणसे टेबलावर मान घालून बसलेली, हातात शिसपेन्सिल, आणि दिवसभर काम काय, तर कागदावर रेघा ओढायच्या. असा कारखाना कोणी पैसे मोजून बघायला जाईल काय?

गेले. लाखो लोक गेले. अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात ओरलँडो शहराजवळ १ मे १९८९ रोजी हा कारखाना लोकांसाठी उघडला. डिस्ने कंपनीने तेथे एक मोठी बाग उभारली होती. अर्धी जत्रा आणि अर्धा चित्रपटांचा कारखाना, असे तिचे स्वरूप होते. मिकी माऊस नावाचा उंदीर १९२८ साली पडद्यावर आणणाऱ्या वॉल्ट डिस्नेची ही कंपनी. त्या बागेतल्या एका इमारतीत कंपनीचे चित्रकार खरोखरीचे काम करीत, आणि पाहुणे काचेच्या भिंतीआडून ते बघत पुढे सरकत. ही फेरी कशी होती, तिने काय दाखवले आणि काय दाखवले नाही, ते आज पाहू.

ही कल्पना कंपनीला उशिरा सुचली म्हणावी लागेल. तिचे मुख्य निर्मितिगृह कॅलिफोर्नियातील बरबँक येथे आहे. ‘आम्हांला मिकी राहतो ते घर बघायचे आहे’ अशा अर्थाची पत्रे तेथे मुलांकडून येत. पण वॉल्ट डिस्नेला वाटे, इथे येऊन मुले बघणार काय? वाकून बसलेली माणसे? त्यापेक्षा मुलांसाठी वेगळी जागाच करावी, या विचारातून पुढे १९५५ साली डिस्नेलँड नावाची बाग निघाली. म्हणजे काम दाखवण्यासारखे नाही म्हणून बाग काढली, आणि चौतीस वर्षांनी त्याच कंपनीने दुसऱ्या एका बागेत ते काम काचेमागे मांडून दाखवले!

आत शिरण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेऊ. शिक्षकबंधूंना हा प्रयोग वर्गात करता येईल. दोनशेपानी वही घ्या. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक चेंडू काढा, पण दर पानावर तो किंचित वर सरकवा. मग अंगठ्याने पाने भराभर सोडा. चेंडू उडतो. कागदावरचा एकही चेंडू हललेला नसतो. एक चित्र डोळ्यांपुढून जाते न जाते तोच दुसरे येते, आणि मधला सांधा आपले डोळे नि मन आपणच भरून काढतात. चित्रपटाची फीत दर सेकंदाला चोवीस चित्रे दाखवते. कार्टूनपटात पुष्कळदा एकच चित्र दोनदा घेतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रांवर भागते. या हिशेबाने तुमच्या वहीची शंभर पाने आठ सेकंदांत संपली. डिस्नेचा ‘स्नो व्हाइट’ हा पहिला पूर्ण लांबीचा कार्टूनपट डिसेंबर १९३७ मध्ये प्रथम दाखवला गेला. तो ८३ मिनिटांचा. गुणाकार मुलांकडूनच करून घ्यावा: ८३ गुणिले ६० गुणिले २४. उत्तर येते १,१९,५२०. तेवढ्या वेळा कॅमेऱ्याची कळ दाबायची.

एकेक चित्र थांबून थांबून घेण्याची ही युक्ती आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी केव्हाच करून दाखवली होती. १९१२ साली विलायतेहून परत आल्यावर त्यांनी वाटाणा पेरून त्याचा कोंब कसा वाढतो, याची चित्रे दिवसामागून दिवस घेतली. ‘अंकुराची वाढ’ ती हीच. शेतकऱ्याला जे पंधरा दिवस-महिनाभर वाट बघून दिसते, ते पडद्यावर एका दमात दिसले. वाटाणा निदान आपणहून वाढत होता. कार्टूनपटातला कोंब मात्र चित्रकाराला रोज नव्याने काढावा लागतो.

आता चला आत.

पहिल्या दालनात जुनी चित्रे आणि कंपनीला मिळालेली मानचिन्हे मांडली होती. लोक तेथे घोटाळत आणि बोलावणे आले की छोट्या नाट्यगृहात जात. तेथे एक गमतीचा लघुपट दाखवीत. वॉल्टर क्रॉन्काइट हे अमेरिकेतील फार विश्वासाचे बातमीदार. दूरदर्शनवरील त्यांचा आवाज घराघरांत ओळखीचा. त्यांच्यासोबत रॉबिन विल्यम्स नावाचा एक अवखळ विनोदी नट. बातमीदार गंभीरपणे समजावून सांगतात आणि नट मध्येमध्ये लुडबुड करतो. शेवटी त्या नटाचेच चित्र होते आणि कार्टूनवर होणारे एकेक संस्कार त्याच्यावरच होऊ लागतात. कीर्तनकार आख्यानात सोंगाड्याला घेतो ना, त्यातलाच प्रकार. शिकवणे आणि हसवणे एकाच ताटात. आम्हां मास्तरमंडळींनी हेवा करावा असा हा पाठ होता.

तेथून पुढे लांबच लांब मार्गिका. एका अंगाला काच, आणि काचेपलीकडे कामाची दालने. वर टांगलेल्या पडद्यांवर तीच जोडी कोठे काय चालले आहे ते सांगत असे.

सुरुवात गोष्टीच्या दालनापासून. कार्टूनपटाची गोष्ट लिहितात त्यापेक्षा जास्त ती टाचणीने टोचतात. लहान लहान कागदांवर प्रसंग रेखाटून ते एका मोठ्या फळ्यावर ओळीने लावायचे. आवडले नाही तर कागद काढून टाकायचा. ही फळ्याची पद्धत डिस्नेच्याच निर्मितिगृहात १९३० नंतरच्या काही वर्षांत रुळली आणि पुढे जगभर गेली. पात्रांचे आवाज आधी मुद्रित करतात, चित्रे मागाहून. पुष्कळांना हे उलटे वाटते. पण तोंड कधी उघडायचे आणि कधी मिटायचे, हे आवाज ऐकल्याशिवाय चित्रकाराला कसे कळणार?

मग येते ते मुख्य दालन. येथे जरा थांबायला हवे. तिरपे टेबल, त्यात बसवलेली काच, काचेखाली दिवा. कागदाला कडेशी भोके पाडलेली असतात आणि ती टेबलावरच्या खुंट्यांत बसतात, त्यामुळे एकावर एक ठेवलेले कागद तसूभरही हलत नाहीत. खालच्या दिव्यामुळे आधीचे चित्र वरच्या कागदातून दिसते, आणि त्याच्याकडे बघत बघत पुढचे काढायचे. टेबलावर एक आरसाही असतो. तो केस विंचरायला नव्हे. रागावलेला कोल्हा काढायचा असेल तर चित्रकार आधी स्वतः रागावून आरशात बघतो. भुवई कोठे चढते, ओठ कसा मुडपतो, ते टिपतो. काचेबाहेरच्या पाहुण्यांना भलताच मोठा माणूस एकटाच आरशापुढे तोंडे वेंगाडताना दिसला, तर तो पगार घेऊन काम करीत होता, असे समजावे.

मुख्य चित्रकार सगळी चित्रे काढत नाही. हात वर उचलण्याची क्रिया असेल तर सुरुवात, मध्य आणि शेवट अशा मोक्याच्या जागा तो काढतो. मधली चित्रे भरण्याचे काम दुसऱ्याचे. मग तिसरा त्या खरबरीत रेघांवरून एक स्वच्छ रेघ काढतो. ही माणसे शेजारी शेजारी बसतात, हे महत्त्वाचे. मधली चित्रे भरणारा पोऱ्या वर्षानुवर्षे उस्तादाची रेघ गिरवतो. उस्ताद त्याच्या कागदाच्या कोपऱ्यात खूण करतो, ‘येथे वजन नाही’, ‘येथे पाय घसरतोय’. असे करीत करीत एक दिवस तो स्वतः मोक्याची चित्रे काढू लागतो. तबला जसा मांडीला मांडी लावून शिकतात, तसेच हे. पुस्तके आहेत, पण पुस्तकातून वजन कळत नाही.

ही विद्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते, याचा दाखला आपल्या मुंबईतच आहे. क्लेअर वीक्स हा डिस्नेकडे ‘बॅम्बी’, ‘पीटर पॅन’ अशा चित्रपटांवर काम केलेला चित्रकार जन्माने हिंदुस्थानातला, मिशनरी आईबापांचा मुलगा. १९५६ साली तो मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये आला आणि तेथल्या तरुणांना त्याने हे काम हाताला धरून शिकवले. १९५७ साली जातककथेवरचा ‘द बनियन डिअर’ हा लघुपट त्यातूनच झाला. पुढे भारतीय कार्टूनपटाचे धुरीण म्हणून नाव कमावलेले राम मोहन हे त्याच विभागात तयार झाले.

फेरीत पुढे रंगाचे दालन लागे. मुलांना तेच फार आवडे. पार्श्वभूमीचे चित्र म्हणजे नाटकाचा पडदा. घर, झाड, डोंगर एकदाच रंगवतात. हलणारे पात्र मात्र सेल्युलॉइडसारख्या पारदर्शक तावावर काढतात. त्याला कामगार नुसते ‘सेल’ म्हणत. सेलच्या पुढल्या बाजूने बारीक रेघ काढायची आणि पाठीमागून रंग भरायचा, म्हणजे रेघ बुजत नाही. हातात पांढरे सुती मोजे, कारण बोटाचा एक डाग पडद्यावर ताटाएवढा दिसतो. सेल पडद्यावर ठेवला की पात्र डोंगरापुढे उभे. कॅमेऱ्याने एक चित्र घ्यायचे, सेल उचलायचा, दुसरा ठेवायचा. जुन्या काळी चित्रे घेऊन झाली की सेल धुऊन पुन्हा वापरीत. पाटी पुसावी तसे. ज्या चित्रांना आज लिलावात मोठ्या किमती येतात, त्यांची कितीतरी भावंडे अशी मोरीत वाहून गेली.

कॅमेऱ्याबद्दल दोन शब्द. एस.टी.च्या खिडकीतून बघा. रस्त्याकडेच्या बाभळी मागे पळतात, शेते संथपणे सरकतात आणि दूरचा डोंगर तर आपल्याबरोबरच येतो. सपाट चित्रावर कॅमेरा फिरवला तर हे होत नाही, बाभळीसकट डोंगरही पळतो. म्हणून डिस्नेकडच्या तंत्रज्ञांनी बाभळी एका काचेवर, शेते दुसरीवर, डोंगर तिसरीवर अशी एकाखाली एक मांडणी केली आणि वरून चित्रे घेत प्रत्येक काच वेगळ्या गतीने सरकवली. १९३७ सालच्या ‘द ओल्ड मिल’ या लघुपटात ही युक्ती प्रथम लोकांना दिसली.

आता गंमत अशी की, फेरी सुरू झाली आणि तिच्यातले रंगाचे दालन जुने झाले. १९८९ सालचा ‘द लिटिल मरमेड’ हा हाताने रंगवलेल्या सेलवर केलेला कंपनीचा शेवटचा मोठा चित्रपट. १९९० पासून मोठ्या चित्रपटांत कागदावरची चित्रे संगणकात घालून तेथेच रंग भरू लागले. पेन्सिल राहिली, कुंचल्याची बाटली गेली. त्या वेळी पुष्कळांना वाटले की बदलला तो रंग भरण्याचा प्रकार, चित्र काढणाऱ्याला धोका नाही.

हा विषय मी एकदा आमच्या महाविद्यालयात सांगत होतो. काचेचा प्रसंग आला तेव्हा एक मुलगी म्हणाली, “सर, बघायला पाहुणे येतात तेव्हा आम्हांला असेच होते. आपण त्यांच्याकडे बघायचे नाही, काम चालू ठेवायचे आणि चेहरा हसरा ठेवायचा.” वर्ग हसला. पण तिने नेमके बोट ठेवले. दाखवण्यासाठी मांडलेल्या घरात सगळेच दिसत नाही.

याचा एक जुना दाखला आहे. या कंपनीने अशीच एक फेरी पूर्वी चित्रपटातून घडवली होती. ‘द रिलक्टंट ड्रॅगन’ हा तो चित्रपट, जून १९४१ मधला. रॉबर्ट बेंचली नावाचा विनोदी लेखक बरबँकच्या निर्मितिगृहात एक गोष्ट विकायला येतो आणि वाट चुकून दालनादालनांतून भटकतो. एका वर्गात समोर खराखुरा हत्ती उभा करून चित्रकार त्याची चित्रे काढत आहेत. एका दालनात आगगाडीला माणसासारखे बोलायला शिकवले जात आहे. कॅमेऱ्याच्या दालनात पोचताच काळापांढरा चित्रपट एकदम रंगीत होतो! पुढे मुली बरण्यांतून रंग तयार करताना दिसतात. सगळे हसतमुख. त्यांतले काही खरे कलावंत होते, पण काही चक्क नट होते. गोष्टीच्या दालनातला एक कलावंत म्हणजे पुढे नामांकित झालेला नट ॲलन लॅड.

आणि हा चित्रपट झळकला तेव्हा बरबँकच्या खऱ्या फाटकाबाहेर काय चालले होते? संप. मे १९४१ च्या अखेरीस शेकडो कलावंत फाटकाबाहेर उभे राहिले. सारख्याच कामाला कोणाला भरघोस तर कोणाला तुटपुंजा पगार, पडद्यावर नाव मोजक्यांचेच, आणि संघटना करू पाहणाऱ्यांना कामावरून काढलेले. काढलेल्यांत आर्ट बॅबिट होता. ‘स्नो व्हाइट’मधली राणी ज्याच्या पेन्सिलीतून उतरली, तोच हा माणूस. संपकऱ्यांनी चित्रपटगृहांसमोरही निदर्शने केली. आत हसतमुख निर्मितिगृहाची फेरी आणि बाहेर फलक घेतलेले तेच लोक! काही महिन्यांनी सरकारच्या मध्यस्थीने संप मिटला आणि कंपनीला संघटना मान्य करावी लागली.

रंग तयार करणाऱ्या त्या मुलींचेही तसेच. १९३८ साली कंपनीने एका उमेदवार तरुणीला लेखी कळवले होते की, कल्पनेचे काम तरुण मुलगे करतात, बायकांना काम मिळते ते शाईने रेघा गिरवण्याचे आणि रंग भरण्याचे. अपवाद झाले. ‘बॅम्बी’ (१९४२) वर रेटा स्कॉट हिचे नाव चित्रकार म्हणून पडद्यावर आले. बाकी बहुसंख्य हातांची नावे फेरी करणाऱ्यांना कोणी सांगितली नाहीत. माझ्या मते संपाची खरी मुळे पगाराइतकीच या नावांत होती. आपल्याकडे देवळाच्या पायरीवरसुद्धा देणगीदाराचे नाव असते, आणि पाथरवटाचे नसते.

पुन्हा फ्लॉरिडात येऊ. तेथे सुरुवातीला थोडेच कलावंत होते. कॅलिफोर्नियात होणाऱ्या चित्रपटांचे काही भाग ते करीत. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ (१९९१), ‘अलादीन’ (१९९२), ‘द लायन किंग’ (१९९४) यांत त्यांचा हात आहे. ‘अलादीन’मधली राजकन्या जॅस्मिन ज्याने चितारली, तो मार्क हेन याच काचेमागे बसत असे. हळूहळू या शाखेचा आत्मविश्वास वाढला. १९९८ चा ‘मुलान’ हा मुख्यत्वे येथे झालेला पहिला पूर्ण चित्रपट. २००२ मध्ये आला ‘लिलो अँड स्टिच’. त्याच्या पार्श्वभूमीसाठी या मंडळींनी जलरंग वापरले. १९४१ च्या ‘डंबो’च्या काळानंतर ही रीत कंपनीत जवळजवळ सुटलीच होती, कारण जलरंगात चूक खोडता येत नाही. ती यांनी पुन्हा हाताखाली घातली. चित्रपट चालला, लोकांना आवडला. २००३ अखेर ‘ब्रदर बेअर’ आला.

पण हवा फिरली होती. १९९५ मध्ये ‘टॉय स्टोरी’ हा सबंध संगणकावर केलेला चित्रपट आला, आणि त्यानंतर तशा चित्रपटांना तुफान गर्दी होऊ लागली. हाताने काढलेला ‘ट्रेझर प्लॅनेट’ २००२ मध्ये जोरात आपटला. धंदेवाल्यांनी निष्कर्ष काढला की लोकांना आता पेन्सिल नको. हा निष्कर्ष मला कधीच पटलेला नाही. गोष्ट फसली की दोष अवजाराला द्यायचा, ही सुताराचीही सवय नसते. तरी निर्णय झाला. फ्लॉरिडात तयार होत असलेला पुढचा चित्रपट २००३ च्या नोव्हेंबरात रद्द झाला आणि जानेवारी २००४ मध्ये शाखाच बंद करीत असल्याचे कंपनीने जाहीर केले. अडीचशेच्या वर माणसे कामावरून गेली. मार्क हेनसारखे काही कॅलिफोर्नियाला जाऊन मुख्य शाखेत राहिले. बाकीच्यांची बैठक उठली. उस्तादाशेजारी बसलेला तो मधली चित्रे भरणारा पोऱ्या दुसऱ्या गावी, दुसऱ्या धंद्यात गेला तर रेघ कोणाची गिरवणार?

फेरी मात्र बंद झाली नाही. काचेमागे काम नव्हते, तरी पाहुणे येत राहिले. त्यांच्यासाठी आता एक चित्रकार माईकजवळ उभा राहून पडद्यावरच्या एका कार्टून पात्राशी थट्टामस्करी करीत माहिती देई. शेजारच्या खोलीत पाहुण्यांना टेबलाशी बसवीत. खालून दिवा असलेली तीच टेबले. आधी मोठा गोल काढा, मग मधून आडवी रेघ, मग डोळे, असे शिकवणारा सांगत जाई, आणि थोड्या वेळात लहानथोर सगळ्यांच्या कागदांवर वेडावाकडा मिकी उमटे. कागद घरी न्यायला मिळे. १२ जुलै २०१५ रोजी ती खोलीही बंद झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या इमारतीत ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांचे प्रदर्शन मांडले गेले.